पायाचे शब्द, डोळ्याचे शब्द

ते एकोणीसशे चौसष्ट साल होतं. पिंपळदरीच्या फाट्यापर्यंत एस.टी. यायला लागली ती त्याच वर्षी, म्हणून साल मला विसरता येत नाही. मी तेव्हा आठवीत होते.

पिंपळदरीच्या वरच्या अंगाला, बरड माळावर, आमचा फुलसिंग नायकाचा तांडा. पणजोबांच्या काळी आमची माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून फिरत असत. माझ्या वेळेपर्यंत बैल औताला जुंपले गेले होते आणि तांड्यातली घरं कापूस, ज्वारी, तूर पिकवत होती. शाळा बोरखेडीला. तांड्यावरून खाली पिंपळदरी, तिथून दोन्हीकडच्या शेतांमधून जाणारी पांदण, मग नाला, मग पळसाच्या झाडांचा उतार आणि उतार संपला की बोरखेडी. तांड्यातून आठवीत जाणारी मी एकटीच मुलगी होते.

माझे वडील धरमसिंग फार बोलत नसत, पण एकदा बोलले की तो शब्द पक्का. त्यांनी ठरवलं होतं की मी आठवीची परीक्षा इंग्रजीसकट पास झाले तर पुसदच्या हायस्कुलात घालायचं, नाही तर अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्न. इंग्रजीवाचून पुसदला नववीत घेत नव्हते. आणि लग्नासाठी मामाच्या तांड्यातून दोनदा विचारणा येऊन गेली होती. मुलगा वाईट नव्हता. पण मला पुसद पाहिजे होतं.

इंग्रजी शिकवायला पंचक्रोशीत एकच माणूस होता. बाबाराव मास्तर. ते पिंपळदरीलाच राहत. पांढरं धोतर, काळा कोट आणि बारा महिने हातात छत्री.

आदल्या पावसाळ्यात एका सकाळी मास्तरांच्या बायकोनं, भागीरथाकाकूंनी, मला वाटेवरून हाक मारली.

"गंगे, आत ये. बैस जराशी."

"काकू, शाळेले उशीर होऊन राह्यला."

"मास्तरच घरात बसून हायेत. तुले उशीर कायचा?"

मी आत गेले. तांड्यातल्या पोरीला गावातल्या घरात माजघरापर्यंत कोणी नेत नसे, काकूंनी मला तिथंच पाटावर बसवलं आणि कपात चहा दिला. मास्तर कोपऱ्यात कोट घालून तयार बसले होते. छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलेली. मी आले तरी त्यांनी मान वळवली नाही.

"त्यायले दिसत नाही आता," काकू म्हणाल्या. "उजेड-सावली तेवढी समजते. नागपूरच्या डाक्टरनं सांगतलं, काचबिंदू हाये, शीर सुकली, इलाज नाही."

मग मास्तरच बोलले. शाळेत बोलत तसंच, स्वच्छ आणि सावकाश.

"वर्गात अडत नाही, गंगे. पुस्तकं मला पाठ आहेत. अडतं ते वाटेवर. काल मी नाल्यात पडलो. आज ना उद्या हे वर कळेल आणि मला घरी बसवतील. पेन्शनीला दोन वर्षं आहेत, ती गेली तर गेली. पण माझ्या जागी बोरखेडीत इंग्रजी शिकवायला कोणी येणार नाही. वर्ग बंद होईल."

वर्ग बंद झाला म्हणजे माझं पुसद संपलं, हे मला कोणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

"मी हात धरून नेईन, सर."

"हात धरलास की झालंच. सगळं गाव पाहील. तू बरोबर चाल आणि पुढे काय आहे ते सांगत जा. पण इंग्रजीत. मराठीत 'खड्डा आहे' म्हणालीस तर पांदणीतल्या कुत्र्यालाही समजेल. इंग्रजीत म्हणालीस तर लोक म्हणतील, धडा चालला आहे."

"पण मले इंग्रजी येते कुठं, सर?"

"तेच तर," ते म्हणाले आणि उठले.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी मला त्या वाटेवरचं एकही नाव इंग्रजीत येत नव्हतं. मी हळूच मराठीत सांगायची आणि ते तिथल्या तिथे शब्द द्यायचे. खड्डा म्हणजे डिच. चिखल म्हणजे मड. लहान गोटे पेबल्स, मोठा दगड बोल्डर. पांदणीला लेन आणि नाल्याला ब्रूक. शेताच्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, त्यांनी बराच विचार केला आणि एम्बँकमेंट असा शब्द दिला. मी तो पुरा म्हणेपर्यंत त्यांचा पाय धुऱ्याला अडकून ते पुढे झुकले. तेव्हापासून धुऱ्याला आम्ही नुसतं बँक म्हणू लागलो.

घरी मी फक्त आईला सांगितलं. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. माझी याडी, रुपीबाई, चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे काम आपल्या माणसांचंच आहे. तांडा बैल घेऊन चालायचा तेव्हा सगळ्यांत पुढचा माणूस वाट ओरडून सांगायचा. पाणी आलं, दरड आली, काटे आले. मागचा त्याच्या मागच्याला सांगायचा, असं करत ते शेवटच्या बैलामागं चालणाऱ्या म्हातारीपर्यंत पोचायचं. अंधारात, धुक्यात सगळा तांडा त्या एका आवाजावर पाय टाकायचा.

"आणि त्यानं खोटं सांगितलं तर?" मी विचारलं.

"वाटेचं खोटं सांगणाऱ्याला तांड्यात कोणी पाणी देत नव्हतं," याडी म्हणाली. "पाहिलं ते सांगायचं. बरं वाटो, वाईट वाटो."

दुसऱ्या दिवशी मी हे मास्तरांना सांगितलं. ते पांदणीत थांबले. "हाच आपला करार," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून काही सांगायचं नाही."

लोकांना गंमत वाटायची. पांदणीच्या कडेला नानाजींचं शेत होतं. ते औत थांबवून ओरडायचे, "काय वो मास्तर, पोरीले कलेक्टर करता काय?" मास्तर आवाजाच्या दिशेला मान करून म्हणायचे, "करीन की, नानाजी. तुमचा शेतसारा माफ करायला लावीन." शाळेचा चपराशी उकंडा पिंपळदरीचाच. तो किल्ल्यांचा जुडगा वाजवत आमच्या मागं चालायचा.

"गंगे, मलेबी शिकव ना. ब्रूक म्हणजे आपला नालाच ना?"

"हो, उकंडाकाका."

"मंग आता आमच्या म्हशी ब्रुकात डुंबतेत म्हणा! दूध महाग कराव लागते."

मला वाटायचं, आमचं गुपित किती पक्कं आहे. आणि वाटही आमच्यावर मेहेरबान आहे. वाऱ्यानं कुंपणाच्या बोरीचे काटे पांदणीत नेहमी येऊन पडायचे, पण त्या वर्षी मला ते सकाळी कधी दिसले नाहीत. नाल्यात पाय ठेवायला सपाट दगड कुठून तरी येऊन बसले होते. पुरानं आणले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

दिवाळीनंतर वाट कोरडी झाली. खड्डे आणि दगड आम्हा दोघांनाही पाठ झाले होते. एकदा उतारावर चढताना मास्तर म्हणाले, "गंगे, तू मला रोज पायाचे शब्द सांगतेस. डिच, स्टोन, मड. आज डोळ्याचे शब्द सांग."

"ते कोणते, सर?"

"जे ठेच लागू नये म्हणून लागत नाहीत ते. समोर काय दिसतं?"

समोर काय दिसतं ते मला मराठीतही सांगता येईना. रोजचंच होतं. टेकड्या, आभाळ, तुरीचं शेत. त्यांनी मला एकेक शब्द देऊन पाहायला लावलं. होरायझन म्हणाले आणि मी पहिल्यांदा टेकड्या जिथं संपतात ती रेघ नीट पाहिली. मिस्ट म्हणाले तेव्हा नाल्यावर सकाळी पांढरं काही तरी तरंगत असतं, हे ध्यानात आलं. ड्यू, शॅडो, ब्लॉसम, ग्रोव्ह. शब्द आधी मिळायचा आणि वस्तू मागून दिसायची. चौदा वर्षं मी त्या वाटेच्या आसपास वाढले होते. हातात इंग्रजी शब्द आला तेव्हा मला ती सगळी जागा नव्यानं भेटली. असं का झालं, ते मला अजूनही पुरतं सांगता येत नाही. कदाचित कोणी तरी रोज माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहत होतं, म्हणून असेल.

ग्रोव्ह म्हणजे उतारावरची पळसाची राई. मास्तर तरुण असताना बोरखेडीला पहिल्यांदा आले ते फाल्गुनात, आणि तो लाल उतार पाहून त्यांनी इथून बदली मागायची नाही असं ठरवलं होतं. पानं झडायला लागली तसे ते रोज विचारू लागले.

"कळ्या?"

"बड्स, सर. ब्लॅक बड्स." पळसाच्या कळ्या काळ्या मखमलीसारख्या असतात.

शिमग्याची सुट्टी लागायच्या दिवशी मी सांगितलं, "टू ट्रीज आर रेड, सर."

"दोनच?" ते हसले. "सुट्टी संपू दे. आपण परत येऊ तेव्हा सगळा उतार पेटलेला असेल."

आमच्या लोकांत शिमगा मोठा. मी मामाच्या तांड्यावर गेले. दिवसभर लेंगी गाणी, डफ, रंग. मामी माझ्याकडे सुनेच्या नजरेनं पाहत होती आणि मी मनात डिच, बँक, बोल्डर म्हणत होते. परत आले ती सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी. मास्तर तर सुट्टीत घराबाहेर पडलेच नव्हते.

सकाळी पिंपळदरीत उतरले तर मास्तरांच्या दारात जीप उभी. शाळा तपासायला डिप्टी साहेब आले होते. नाल्यापलीकडे जीप जात नव्हती, म्हणून पुढं चालत जायचं होतं. उकंडा त्यांची बॅग डोक्यावर घेऊन उभा. साहेब उंच, चष्मा लावलेले, आवाज मोठा. पण चेहरा रागीट नव्हता.

भागीरथाकाकू दाराआडून माझ्याकडे पाहत होत्या.

"ही मुलगी कोण?" साहेबांनी विचारलं.

"आठवीची विद्यार्थिनी," मास्तर म्हणाले. "वाटेनं आम्ही इंग्रजीचा सराव करतो. जे दिसेल ते तिनं सांगायचं."

"वा! म्हणजे पुस्तकाशिवाय! मग चालू द्या. मला ऐकायचंच आहे."

या साहेबांना इंग्रजी येत होतं. आजवर आमच्या बोलण्याला कोणी ऐकणारा नव्हता. मी घाबरत सुरुवात केली. "लेन, सर. स्टोन ऑन द राइट, सर. नाऊ डिच." मास्तर माझ्या शब्दांवर पाय टाकत होते आणि छत्री हलकेच फिरवत साहेबांशी परीक्षेच्या गोष्टी करत होते. नाला आला. "ब्रूक, सर. थ्री स्टोन्स." मास्तर तिन्ही दगडांवरून नेमके उतरून गेले. माझ्यामागं उकंडानं सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला.

साहेब हसले. "मास्तर, हिला खड्डे आणि दगडच दिसतात का? एवढा सुंदर मुलूख, त्यातलं काही शिकवलं नाहीत?"

"शिकवलं आहे, साहेब."

"मग तुम्हीच सांगून दाखवा. तुमच्या इंग्रजीबद्दल मी यवतमाळला ऐकलं आहे."

आम्ही उताराच्या वळणावर आलो होतो. मास्तरांना पायाखालच्या चढावरून जागा कळली. ते थांबले, उजवीकडे वळले आणि छत्रीचं टोक उचलून नेमकं राईच्या दिशेला धरलं. मग ते बोलू लागले. ते इंग्रजी मला सगळं समजलं असं नाही. पण स्लोप आला, ग्रोव्ह आला, ब्लॉसम आला. पानाचा एक ठिपका नाही आणि फांद्या लाल, म्हणाले. सकाळच्या उन्हात सगळा उतार जळतो आणि तरी त्याला धूर नाही, म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. मी त्यांना वर्गात कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

आणि मी उताराकडे पाहिलं.

एकही झाड नव्हतं. सगळीकडे बुंधे. गुडघ्याइतके, ताजे, वरून पांढरट-लाल. मध्ये कोळशाच्या भट्टीची काळी जागा. दोन-चार काळ्या कळ्या चिरगुटासारख्या मातीत पडलेल्या. सुट्टीच्या दिवसांत कोळशाच्या ठेकेदारानं राई तोडून नेली होती.

मास्तर बोलत होते. साहेबांनी उताराकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, परत उताराकडे पाहिलं. मास्तर थांबले.

"मास्तर," साहेब सावकाश म्हणाले, "हे तुम्हाला आता, समोर दिसतं आहे?"

उकंडानं बॅग खाली ठेवली. "साहेब, ते बुकातला धडा म्हणून दाखवतेत. हुबेहूब. नाही का गंगे?"

साहेब माझ्याकडे वळले. "धडा आहे का हा?"

मला फक्त 'येस सर' म्हणायचं होतं. दोन शब्द. उकंडानं वाट उघडून दिली होती. परीक्षा महिना-दीड महिन्यावर होती. पुसद, मामाचा तांडा, सुनेच्या नजरेनं पाहणारी मामी, सगळं त्या दोन शब्दांवर होतं. मी तोंड उघडलंही.

पण मास्तरांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना काही तरी चुकल्याचं समजलं होतं, काय ते समजलं नव्हतं. नाल्याच्या काठावर पाय उचलून थांबत तसे ते थांबले होते.

"गंगे," ते म्हणाले, "समोर काय आहे?"

साहेबांना काय सांगायचं ते मी ठरवू शकले असते. पण हे विचारणारे मास्तर होते आणि ते वाटेचं विचारत होते.

"स्टंप्स, सर," मी म्हटलं. "ओन्ली स्टंप्स."

तो पायाचा शब्द होता. कापसाची पराटी काढल्यावर शेतात खुंट राहतात, त्यांना अडखळू नये म्हणून त्यांनीच मला दिलेला.

"सगळे?"

"ऑल, सर."

त्यांनी छत्री खाली केली. टोक जमिनीला लागल्याचा आवाज झाला. मग ते साहेबांच्या दिशेला वळले. थोडं चुकून, साहेबांच्या खांद्याकडे पाहत म्हणाले, "साहेब, मला दिसत नाही. पावसाळ्यापासून मुळीच दिसत नाही. ही मुलगी मला वाट सांगते. हे कोणाला माहीत नाही. तिचा काही दोष नाही."

"कोणाले मालूम नाही?" उकंडा एकदम बोलला. "साहेब, अख्ख्या पिंपळदरीले मालूम हाये. बोरखेडीलेबी मालूम हाये. फक्त मास्तरलेच मालूम नाही का लोकाले मालूम हाये!"

"उकंडा!"

"वो मास्तर, रोज पहाटे पांदणीतले काटे कोण उचलते? तुमची इंग्रजी उचलते काय? नानाजी उचलतेत. नाल्यात दगडं कोण टाकले? मी टाकले. एक तर तीनदा वाहून गेलता."

"मग कधी बोलला नाहीस ते?"

"तुमाले बरं वाटत होतं, आमी कायले बोलाव? पोरगीबी मजेत इंग्रजी फाडे." मग त्याचा आवाज उतरला. "पण झाडं तोडले, तवा गावात दोन दिवस हेच चाललं, का मास्तरले कोणं सांगाव. नानाजी तुमच्या दारापर्यंत आलते. दारातून वापस गेले."

मास्तर छत्रीवर दोन्ही हात टेकून उभे होते. झाडं गेली याचं दुःख जास्त होतं की गावाला सगळं ठाऊक होतं याचा धक्का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चला," ते म्हणाले, "शाळेला उशीर होतो आहे." आणि मला म्हणाले, "पुढे काय आहे ते सांग त्यांना."

"स्लोप, सर," मी म्हटलं. "देन पाथ."

शाळेत साहेबांनी मास्तरांचा तास पुरा पाहिला. मागच्या बाकावर बसून. मास्तर बोलत होते आणि फळ्यावर मी लिहीत होते. कोणतं पान, कोणती ओळ, कोणत्या मुलाची दरवेळी कुठं चूक होते, सगळं त्यांना तोंडपाठ. तास संपल्यावर साहेब त्यांना लिंबाखाली घेऊन गेले. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ऐकलं ते एवढंच.

"मला लिहावं लागेल, मास्तर. पाहिलं ते न लिहिणं मला जमणार नाही."

"लिहा, साहेब. मी तुम्हाला लिहू नका म्हणणार नाही."

"पण आमच्या ऑफिसात कागद बैलाच्या चालीनं चालतो. परीक्षेच्या आत काही तो टेबलावरून हलायचा नाही." ते थोडं थांबले. "तेवढं मी पाहीन."

"आणि पुढच्या वर्षीची मुलं?" मास्तरांनी विचारलं.

साहेब माझ्या हातातला पेला घेऊन पाणी प्यायले.

संध्याकाळी आम्ही दोघंच परतलो. उकंडा मुद्दाम मागं राहिला. उतारावर मास्तर म्हणाले, "मला बुंध्याजवळ ने." मी नेलं. त्यांनी वाकून हात फिरवला, सालीवर, कापल्या जागेवर. लाल चीक अजून ओला होता. तो बोटांना लागला.

"सर, मी धडा आहे म्हणाले असते तर..."

"तर कदाचित वाचलो असतो," ते म्हणाले. "पण उद्या तू 'क्लिअर, सर' म्हणाली असतीस आणि मला पाऊल टाकायला भीती वाटली असती. मी घरीच बसलो असतो." मग त्यांनी विचारलं, "सगळे एवढ्याच उंचीवर तोडले आहेत?"

"हो, सर."

"मुळं काढली नाहीत?"

"नाही."

"मग पळस आहे तो. फुटेल." त्यांनी बोटं धोतराला पुसली. "चल. पुढं काय आहे?"

नाल्यावर आल्यावर ते थांबले. तिन्ही दगडांवर छत्रीनं एकेकदा ठोकून पाहिलं, जसं काही कोणाच्या पाठीवर थाप मारावी. पांदणीत नानाजी औत सोडत होते. ते काही ओरडले नाहीत. मास्तरच ओरडले, "नानाजी, राम राम! काट्यांबद्दल बोलायचं होतं तुमच्याशी." नानाजी नुसते हसले. मास्तरांना ते दिसलं नाही, म्हणून मी सांगितलं, "ही इज स्मायलिंग, सर."

साहेबांनी शब्द पाळला. आमची परीक्षा झाली, निकाल लागला, आणि त्यानंतर मास्तरांचा कागद आला. मी इंग्रजीत पास झाले. वडिलांनी निकाल दोनदा वाचून घेतला आणि मामाकडे नकाराचा निरोप धाडला.

बोरखेडीचा इंग्रजीचा वर्ग जूनमध्ये बंद झाला तो कित्येक वर्षं बंदच राहिला. माझ्या मागच्या वर्गातली नलू माझ्यापेक्षा हुशार होती. ती पुसदला जाऊ शकली नाही. आयुष्यात मला ज्या गोष्टींचा जमाखर्च लागला नाही, त्यांतली ही एक. तो दिवस परत आला तरी मी स्टंप्सच म्हणेन, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे.

बाबाराव मास्तर पुढं सात-आठ वर्षं जगले. पेन्शन थोडी कमी बसली, पण बसली. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर पोरं जमत आणि ते तोंडी इंग्रजी शिकवत. नलू तिथंच शिकली. तिचं लग्न दिग्रसकडे झालं आणि तिनं आपल्या तिन्ही मुलींना स्वतः इंग्रजी शिकवलं, हे तिनंच मला सांगितलं. भागीरथाकाकू मास्तरांच्या मागं थोड्याच दिवसांनी गेल्या. नानाजींनी पांदणीच्या कडेचं बोरीचं कुंपण काढून एरंड लावला, मग काट्यांचा प्रश्नच उरला नाही. डिप्टी साहेबांची बदली झाली. पुढं त्यांचं काय झालं ते मला कळलं नाही. उकंडा रिटायर होईपर्यंत बोरखेडीची घंटा वाजवत होता आणि शाळेत नवा मास्तर आला की त्याला चार इंग्रजी शब्द ऐकवून दचकवत होता.

माझे वडील मी बी.ए. झाले ते पाहून गेले. याडी खूप जगली. मी यवतमाळला शिक्षिका झाले, लोहाऱ्याजवळ घर बांधलं, आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मुलींना पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडायला लावत नसे. खिडकीतून काय दिसतं ते विचारायची.

पळस फुटला. मॅट्रिकच्या वर्षी, फाल्गुनातल्या सुट्टीत, मी मास्तरांना उतारावर घेऊन गेले होते. बुंध्यांतून फोकासारख्या फांद्या वर आल्या होत्या, माणसाच्या डोक्याच्या जरा वर. त्यांतल्या एकीवर फुलं होती. "किती झाडं?" त्यांनी विचारलं. "वन ब्रँच, सर," मी म्हटलं. एकच फांदी होती, म्हणून एकच सांगितली. त्यांनी मान हलवली आणि आम्ही तिथं ऊन चढेपर्यंत बसलो.

आता तिथं राई आहे. गेल्या वर्षी नातवाच्या गाडीतून मी पिंपळदरीला गेले होते. नाल्यावर पूल झाला आहे. पुलाच्या कठड्याला टेकून एक पोरगा मोबाइलवर कोणाला तरी सांगत होता, "ब्रुकापाशी हाये ना मी. ये लवकर." मी त्याला विचारलं, बाबा, याला ब्रूक काहून म्हणता? तो म्हणाला, "नावच हाये ते, आजी. पहिल्यापासूनच."